तुरुंगातला माणूस आणि त्याचा कागद

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातील पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



समितीने विषय विचारला तेव्हा मी सांगितले की, कैद्यांना मिळणाऱ्या कोर्टाच्या कागदांवर बोलतो. त्यावर एक ज्येष्ठ उपासक म्हणाले, "अहो, वर्धापनदिनाला बायकापोरं येतात, तिथं चोरांचा विषय कशाला?" त्यांचा मान राखूनच सांगतो. आपल्या वस्तीतल्या किती घरांतून कुणी ना कुणी मुलाखतीची पिशवी घेऊन तुरुंगाच्या दाराशी रांगेत उभे राहते, हे मला ठाऊक आहे आणि तुम्हालाही ठाऊक आहे. शेजारणीने विचारले तर आपण म्हणतो, "पोरगा गावी गेलाय." लाज वाटते, ते समजू शकते. पण या लाजेपायी माणूस कुणाला विचारत नाही, कागद कुणाला दाखवत नाही, आणि अपिलाची मुदत निघून जाते. म्हणून हा विषय.

शिवाय आतले सगळे चोर असतात असेही नाही. २०२२ सालच्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसे होती. त्यांतली ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होती. म्हणजे चारातल्या तिघांचा गुन्हा अजून शाबीत व्हायचाच होता. जागा होती ४ लाख ३६ हजारांची. अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्ग एकत्र धरले तर आतल्यांपैकी दोन तृतीयांशाच्या आसपास माणसे त्यांत येतात. हे सरकारनेच छापलेले आकडे आहेत.

मी कोर्टाच्या नक्कल खात्यात नोकरी केली. आता नक्कल खाते म्हणजे काय, तर कोर्टातल्या कागदाची सही-शिक्क्याची प्रत मिळण्याचे ठिकाण. सगळ्या इमारतीत अंधारी खोली कुठली असेल तर ती. न्यायाधीश निकाल देतात, वकील युक्तिवाद करतात, पेपरात त्यांचे नाव येते. नक्कल खात्याचे नाव कुठेच येत नाही. पण तुम्हाला सांगतो, प्रत्येक नकलेवर तीन तारखा घातलेल्या असतात: अर्ज कधी केला, नक्कल तयार कधी झाली, आणि हातात कधी दिली. लोक निकाल वाचतात, या तारखा वाचत नाहीत. अपील मुदतीत आहे की मुदतीबाहेर, हे त्या तारखांवर ठरते. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सेशन्स कोर्टात अपिलाला ३० दिवस. सेशन्सने दिली तर हायकोर्टात ६० दिवस. फाशी असेल तर फक्त ३०. नक्कल मिळवायला लागलेला वेळ त्यातून वजा होतो. उशीर झालाच तर कोर्ट माफही करू शकते, पण उशीर का झाला ते सांगावे लागते, आणि सांगायला पुन्हा कागदच लागतो.

बाहेरचा माणूस फेऱ्या मारील, कारकुनाला विनवील, वकिलाच्या घरी जाऊन बसेल. आतल्या माणसाने काय करायचे? त्याच्या हातात कागद आणून देणाराच लागतो. तो दिला गेला की नाही, याचा पुरावा कुठे असतो? या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने दिले, आणि ते आपल्या येरवड्याच्या तुरुंगावरून दिले. ती हकीकत जरा सविस्तर सांगतो.

होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९७८. माणूस काही गरीब-अडाणी नव्हता. विद्यापीठात शिकवणारा होता, आणि आरोप होता खोट्या पदव्या तयार करण्याच्या खटपटीचा. सेशन्स कोर्टाने त्याला कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि दंड एवढ्यावर सोडले. हायकोर्टाने नोव्हेंबर १९७३ मध्ये ती शिक्षा तीन वर्षांवर नेली. सर्वोच्च न्यायालयात त्याचा अर्ज आला तो चार वर्षे उलटून गेल्यावर. इतका उशीर का? तो म्हणाला, मला निकालाची प्रत १९७८ मध्ये मिळाली. चौकशी झाली तेव्हा कळले की हायकोर्टाने मोफत प्रत त्याच वर्षी येरवड्याच्या अधीक्षकांकडे पाठवली होती. तुरुंगाचे म्हणणे असे, की आमच्या कारकुनाने ती त्याला दिली होती, पण राज्यपालांकडे दयेचा अर्ज पाठवायचा होता म्हणून त्याला जोडायला परत घेतली. कैदी म्हणतो, मला दिलीच नाही. आणि पोच म्हणून त्याची सही कुठेच नव्हती.

बघा, कोण खरे, कोण खोटे, हे देवालाही सांगता आले नसते, असे माझे जुने हेडक्लार्क म्हणायचे. मी त्यांना म्हणत असे, देवाला मध्ये कशाला आणता साहेब, पोचवहीला आणा.

न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी नेमके तेच केले. शिक्षा देणाऱ्या कोर्टाने निकालाची प्रत लगेच आणि मोफत दिली पाहिजे. ती तुरुंगामार्फत पाठवली असेल तर तुरुंगाने ती विनाविलंब कैद्याच्या हातात दिली पाहिजे आणि त्याची लेखी पोच घेतली पाहिजे. त्याला अपील करायचे असेल तर तुरुंगाने सर्व सोय केली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर तो सरकारी खर्चाने मिळाला पाहिजे. त्या माणसाचा स्वतःचा अर्ज मात्र फेटाळला गेला! त्याला काही मिळाले नाही. त्याच्या मागून आत गेलेल्या लाखो लोकांना मिळाले. कायद्यात असे पुष्कळदा होते.

मोफत प्रतीचा नियम तर आधीच फौजदारी प्रक्रिया संहितेत लिहिलेला होता. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली, तिच्यातही तो आहे. आरोपीने मागितले तर, आणि करता येण्यासारखे असेल तर, त्याच्या भाषेत भाषांतरही द्यावे असे कलमात आहे. अपील लिहायला वकील नसला तरी चालते. कैद्याने साध्या कागदावर लिहून तुरुंग अधिकाऱ्याकडे दिले की त्याने ते योग्य त्या कोर्टाकडे पाठवायचे असते. याला जेल अपील म्हणतात. आपल्या लोकांना हा शब्दच माहीत नसतो. "वकिलाला पन्नास हजार द्यायला नव्हते म्हणून अपील नाही केलं" असे म्हणणारे बापही मी पाहिले आहेत.

आता निकालाच्या आधीचे कागद. पोलिसांनी आरोपपत्र दाखल केले की त्याची, एफआयआरची, साक्षीदारांच्या जबाबांची प्रत आरोपीला मोफत मिळते. नव्या संहितेने त्याला मुदत घातली: आरोपी कोर्टापुढे आल्यापासून १४ दिवसांत. हे चांगले झाले. पण त्याच कलमात दुसरी एक गोष्ट आहे. कागद फार मोठे असतील तर ते इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यावेत, आणि तसे दिले म्हणजे दिले असे समजावे. बाहेरच्याला ठीक आहे. आतल्या पोराने पेन ड्राइव्ह बराकीत कशाला लावायचा? भिंतीला? म्हणून घरच्यांनी वकिलाला सांगायचे: कागदावर प्रत द्या असा अर्ज करा. दोन हजार पाने असली तरी त्यातली जबाबांची पाने तरी छापून आत गेली पाहिजेत. कोण साक्षीदार काय खोटे बोलतोय, हे वकिलापेक्षा त्या पोराला जास्त कळते, कारण त्या जागी तो होता. किंवा नव्हता!

आणि पोलिसांनी जे कागद कोर्टात लावलेच नाहीत, त्यांचे काय? हा प्रश्न साधा नाही. नाशिकच्या एका खटल्यात भटक्या जमातीतल्या सहा जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशी सांगितली. दहा वर्षांनी, ५ मार्च २०१९ रोजी, त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितले. मधल्या काळात काय निघाले? घटनेतून वाचलेल्या बाईने २००३ मध्येच पोलिसांच्या अल्बममधून दुसऱ्याच चौघांचे फोटो दाखवले होते. तसा जबाब नोंदवला गेला होता. सरकार पक्षाने तो खटल्यात पुढे आणला नाही, आणि त्या चौघांचा तपासही झाला नाही. सोळा वर्षे माणसे आत. एका कागदापायी. मी हे सांगताना माझा आवाज चढतो, मला माफ करा. पण मी आयुष्यभर कागद हाताळले, एक कागद बाजूला ठेवायला किती कमी श्रम लागतात हे मला माहीत आहे.

२०२१ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांच्या नियमांबाबत आदेश दिला. पोलिसांनी जमा केलेल्या पण आरोपपत्रात न वापरलेल्या जबाबांची, कागदांची, वस्तूंची यादीसुद्धा आरोपीला दिली पाहिजे, हे त्यात आले. यादी हातात असली तर अमुक कागद दाखवा असे म्हणता येते. काय आहे हेच माहीत नसेल तर मागणार काय? तेव्हा वकिलाला विचारा, "न वापरलेल्या कागदांची यादी मिळाली का?" वकील चमकून तुमच्याकडे बघेल. बघू द्या.

भाषेबद्दल थोडे. महाराष्ट्रातल्या खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे, १९९८ पासून त्याची अधिसूचना आहे. प्रत्यक्षात काय चालते ते तुम्ही बघता. आरोपपत्र आरोपीला न कळणाऱ्या भाषेत असले तरी तेवढ्याने ते बेकायदा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितले. आरोपीला आणि त्याच्या वकिलालाही ती भाषा येत नसेल तर मात्र भाषांतर मागता येते. मला विचाराल तर हे पुरेसे नाही. वकिलाला इंग्रजी येते म्हणून आरोपीला कळले असे धरायचे, तर मग आत वकिलालाच ठेवा.

अटकेच्या वेळच्या कागदाची गोष्ट मात्र आनंदाची आहे. बाबासाहेबांनी १५ सप्टेंबर १९४९ रोजी घटना समितीत १५-अ हे नवे कलम मांडले. आज आपण त्याला अनुच्छेद २२ म्हणतो. अटक झालेल्याला कारण कळवले पाहिजे, वकील करू दिला पाहिजे, २४ तासांत दंडाधिकाऱ्यापुढे नेले पाहिजे. जीविताचे आणि स्वातंत्र्याचे कलम समितीने ज्या शब्दांत मान्य केले होते, त्यावर बरीच टीका झाली होती. त्याची थोडी भरपाई व्हावी म्हणून हे कलम आणले, असे त्यांनीच सांगितले होते. पण "कळवले पाहिजे" म्हणजे कसे? तोंडी की लेखी? यात पाऊणशे वर्षे गेली. पोलीस म्हणत, सांगितले होते. आरोपी म्हणे, नाही सांगितले. पुन्हा तेच, येरवड्याच्या पोचेसारखे. अखेर ६ नोव्हेंबर २०२५ रोजी, महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती मसीह यांच्या पीठाने सांगितले की गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे लेखी दिली पाहिजेत आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत. ताबडतोब देणे शक्य नसेल तर रिमांडसाठी उभे करण्याच्या निदान दोन तास आधी. अमरावतीच्या आंबेडकरी घरातला माणूस त्या पीठावर होता, याचे मला अप्रूप वाटते. का वाटू नये?

तसे १९८३ मध्येच पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला आदेश दिला होता, की अटक झालेल्याचे हक्क मराठी, हिंदी, इंग्रजीत छापा, प्रत्येक लॉकअपच्या कोठडीत चिकटवा आणि त्याला वाचून दाखवा. ज्यांना कधी लॉकअप पाहावे लागले त्यांनी आठवून बघावे, तो कागद भिंतीवर होता का.

(एका तरुणाने इथे विचारले, "सर, माहितीच्या अधिकारात कोर्टाचे कागद मिळतात ना?") चांगला प्रश्न आहे. नाही मिळत, म्हणजे त्या वाटेने नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितले की कोर्टाच्या फाइलीतल्या कागदाची नक्कल हवी तर हायकोर्टाच्या नियमाप्रमाणे नक्कल खात्यातच अर्ज करायचा. माहितीचा अधिकार तुरुंगाच्या स्वतःच्या दप्तरासाठी वापरा. शिक्षेत माफीचे किती दिवस धरले, तुरुंगातल्या दवाखान्यात काय नोंद आहे, अर्ज कोणत्या तारखेला पुढे पाठवला. आतला माणूसही नागरिकच आहे, तो स्वतः अर्ज करू शकतो. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्याला माफ. लिहिता येत नसेल तर माहिती अधिकाऱ्याने लिहून घ्यायचे. माहिती जीविताशी किंवा स्वातंत्र्याशी संबंधित असेल तर ४८ तासांत द्यायची, असे कायद्यात आहे. एफआयआर मात्र २०१६ पासून २४ तासांत पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकावी लागते, नाजूक प्रकरणे सोडून.

तुरुंगाच्या दप्तराचा विषय निघाला म्हणून सांगतो. त्या रजिस्टरांत जातीचा रकाना असायचा, आणि काही ठिकाणी त्यावरून कुणी स्वयंपाक करायचा आणि कुणी संडास झाडायचे ते ठरायचे. मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांनी हे बाहेर काढले आणि त्याच सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ३ ऑक्टोबर २०२४ च्या निकालाने हे नियम घटनाबाह्य ठरले आणि कैद्यांच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. काही कागद मागावे लागतात, काही खोडावे लागतात.

आतून बाहेर येणाऱ्या कागदाचेही एक उदाहरण आपल्याच मुंबईचे आहे. कॉम्रेड प्रभाकर संझगिरी स्थानबद्ध असताना त्यांनी अणूविषयी मराठीत विज्ञानाचे पुस्तक लिहिले. सरकार हस्तलिखित बाहेर जाऊ देईना. १९६५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, जाऊ द्या. अणूच्या पुस्तकाने कोणते राज्य उलटणार होते कुणास ठाऊक.

जामिनाचा कागद राहिला. जामीन मंजूर झाला की घरी पेढे वाटतात, आणि माणूस आठ दिवस आतच. आदेश पोहोचला नाही, कुणाकडे अडकला, नावात चूक. ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जामिनाचा आदेश त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने तुरुंग अधीक्षकांकडे, त्यांच्यामार्फत कैद्याकडे गेला पाहिजे. सात दिवसांत सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे. तेव्हा आठव्या दिवशी पुन्हा मुलाखतीच्या रांगेत उभे राहण्याआधी प्राधिकरणाच्या ऑफिसात जा. ते जिल्हा कोर्टातच असते. १५१०० या नंबरवर फोनही लागतो. अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, कोणतीही स्त्री आणि कोठडीतला कोणताही माणूस यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, उत्पन्न कितीही असो.

शेवटी घरच्यांनी काय करायचे ते सांगतो. एका माउलीची गोष्ट आहे, नाव सांगत नाही. तिच्याकडे मुलाच्या केसचे सगळे कागद होते, एकूण एक. ते तिने एका वकिलाला दिले. पुढे वकील बदलला आणि पहिला म्हणाला, फाइल सापडत नाही. ती बिचारी नक्कल खात्याच्या खिडकीवर आली तेव्हा तिला केस नंबरही सांगता येईना. आरोपीचे नाव आणि "साहेब, पावसाळ्यात पकडलं होतं" एवढेच. रजिस्टर चाळून नंबर काढायला दोन दिवस गेले. आता एवढा त्रास नाही. प्रत्येक केसला सोळा अक्षरांकड्यांचा सीएनआर नंबर असतो, तो मोबाईलवर टाकला की पुढची तारीख दिसते. तो नंबर घराच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी लिहून ठेवा. पहिल्या रिमांडची तारीखही लिहा, कारण ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र आले नाही तर जामिनाचा हक्क तयार होतो, आणि आरोपपत्र येण्याआधी अर्ज केला नाही तर तो जातो. वकिलाला मूळ कागद देऊ नका. आत कागद पाठवलात तर पुढच्या मुलाखतीला विचारा, हातात पडला का, कोणत्या तारखेला, सही घेतली का.

समितीने परवानगी दिली आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वंदनेनंतर मी आणि बार्टीच्या अभ्यासवर्गातली दोन मुले इथेच, ग्रंथालयाच्या टेबलावर बसणार आहोत. नकलेचा अर्ज, माहिती अधिकाराचा अर्ज, प्राधिकरणाचा अर्ज, तिन्ही लिहून देऊ. कुणाचा मुलगा, कशात, कुणी विचारणार नाही. येताना झेरॉक्स आणा, मूळ कागद पेटीतच ठेवा. जयभीम.